कोड जुळला की वाजतं

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची लिहिली होती ती वजन कमी करण्यासाठी. ती वजन वाढल्यामुळे बंद पडली. या वेळचं कारण जास्त गंभीर आहे. आमच्या घरात माणसं चार आणि रिमोट पाच आहेत.

एक टीव्हीचा. एक सेट-टॉप बॉक्सचा. एक टीव्हीखाली आडव्या पडलेल्या त्या लांबोडक्या स्पीकरचा. एक जुन्या म्युझिक सिस्टीमचा. आणि एक डिस्क प्लेयरचा. प्लेयर बंद पडून जमाना झाला, रिमोट मात्र ठणठणीत आहे. आईने पाचही रिमोट पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वर रबरबँड लावलेत, त्यामुळे ते रिमोट न वाटता कुठल्यातरी खटल्यातले पुरावे वाटतात.

काल रात्रीच्या बातम्या चालू असताना मला शोध लागला. मी टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवतो आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात पुसायच्या फडक्याआड लपवलेल्या स्पीकरच्या रिमोटने तो कमी करते. हे कधीपासून चाललंय ते तिलाच ठाऊक. मी आपला समजत होतो की हल्लीचे बातम्या देणारे पुटपुटतात. मालिकांतली माणसं तर नुसते ओठ हलवून पैसे घेतात. शब्द पोचवायची पद्धतच गेली.

तिला जाब विचारला. ती काहीतरी म्हणाली आणि आत गेली. तिची ही नवी सवय आहे, वाक्य इथे सुरू करते आणि संपवते आतल्या खोलीत. गेल्या महिन्यापासून तर झोपायलाही आईच्या खोलीत जाते. टीव्ही बंद झाल्यावरही डोक्यात वाजत राहतो म्हणे.

निर्णय घेतला आहे. सगळ्या यंत्रांवर चालणारा एकच रिमोट आणायचा, आणि तो माझ्या हातात राहील. हा तंटा वाढू द्यायचा नाही. मला माझी बायको माझ्या खोलीत परत हवी आहे, आणि बातम्या ऐकू येतील अशा हव्या आहेत. क्रम हाच.

बुधवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसातून परतताना चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदार मिशीवाला आणि शांत. गल्ल्यावर त्याची बहीण बसते. ती गिऱ्हाइकाकडे असं बघते की न घेतलेल्या वस्तूचेही पैसे द्यावेसे वाटतात.

त्याने तीन नमुने मांडले. पहिला साधा. त्याच्यासोबत एक पुस्तिका मिळते, तिच्यात जगातल्या यच्चयावत टीव्हींचे कोड छापलेले असतात. दुसरा शिकाऊ. जुना रिमोट त्याच्यासमोर नाकाला नाक लावून ठेवायचा, जुन्याचं बटण दाबायचं, की हा ते शिकतो. तिसरा महागडा, बोलणारा. काय चालू झालं, काय बंद झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगतो.

"घरात बोलणारे पुरेसे आहेत," मी म्हणालो आणि साधा घेतला.

दुकानदार बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी मान डोलावत होतो. दुकानदारांचं सगळं ऐकत बसलं तर वस्तू घ्यायची राहून जाते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळ रिमोटात गेली. अंघोळ झाल्यावर नेहमीप्रमाणे कापसाच्या काडीने दोन्ही कान खोलवर साफ केले (हा माझा कॉलेजपासूनचा नेम, एवढी स्वच्छता आमच्या ऑफिसच्या कपाटांत असती तर मी आज मोठा अधिकारी असतो) आणि पुस्तिका उघडली.

सूचना सोप्या आहेत. रिमोट टीव्हीकडे रोखून धरा. रिमोट एकेक कोड आपोआप तपासत जाईल. कोड जुळला की दोनदा वाजेल. वाजताच 'ओके' दाबा. न दाबल्यास तो पुढच्या कोडकडे जाईल.

धरला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात धरला. चौकातल्या पुतळ्यांचे हात दुखत असतील हा विचार आयुष्यात प्रथमच मनात आला. रिमोट एकदाही वाजला नाही. स्पीकरवर धरला, बॉक्सवर धरला. हूं की चूं नाही.

मध्येच आई आली. आधी रिमोटकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कपाळाकडे, आणि काहीतरी म्हणाली. मी "बरं" म्हणालो. ती खुर्चीत जाऊन दोन्ही हातांनी कान झाकून बसली. टीव्ही बंद होता, बरं का. वय झालं तिचं.

रविवार, १० नोव्हेंबर

लेकीने आज रात्री जेवायला सगळ्यांना एकत्र बसवलं. टीव्ही चालू होता. मी ताटाशेजारी रिमोट ठेवून पुस्तिकेतले कोड हाताने भरून बघत होतो.

बायको बराच वेळ बोलत होती. तिच्या ऑफिसातलं काहीतरी. नवी शाखा उघडतायत, मध्येच कुठलंतरी गाव आलं, पुढे दोन वर्षं आलं, तीस तारखेपर्यंत आलं. ती ताटात बघून बोलते आणि वाक्याच्या शेवटी आवाज पाडते. एखाद्याने जिना उतरत उतरत बोलावं तसं. नव्या शाखेचे हिशेब हिच्याच गळ्यात पडणार आणि दोन वर्षं पुरणार, एवढा मथितार्थ माझ्या लक्षात आला. मग सगळे एकदम माझ्याकडे बघू लागले. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता.

"बरं," मी म्हणालो. "बघ तुला कसं जमतंय ते. माझी काही हरकत नाही."

हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं. संसार आणि ऑफिस दोन्ही मी त्याच्यावर काढलंय.

बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग ताटं उचलली. माझं जेवण व्हायचं होतं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आमच्या वीज कार्यालयात तक्रारींच्या चार खिडक्या आहेत. तीन खिडक्यांवर दिवसभर भांडणं असतात. चौथी माझी. काचेला मूठभर भोक, पलीकडे माणूस, अलीकडे मी. माणूस बोलतो, मी मान डोलावतो, तो थांबला की "बरं, नोंद घेतली" म्हणतो. माणूस जातो. तक्रारदाराला उपाय नको असतो, ऐकणारा हवा असतो, हे माझं जुनं मत.

आज मॅडमने केबिनमध्ये बोलावलं. मॅडम मोठ्याने आणि समोर बघून बोलतात, अधिकारी असावा तर असा. म्हणाल्या, "तुमच्या खिडकीवर कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं. तुमचं नाव मी वर पाठवतेय."

खरं आहे. माझा एक नेहमीचा गृहस्थ तर तक्रारीसाठी येतच नसावा. गोरटेला, हसतमुख. दर आठवड्याला येतो, प्रसन्न चेहऱ्याने भरपूर बोलतो, मीही हसतो, नोंद घेतो. अशा लोकांमुळे नोकरी सुसह्य होते.

संध्याकाळी रिमोट परत करायला गेलो. दुकानदाराने पेटीतून बॅटऱ्या काढल्या, घातल्या, दुकानातल्या टीव्हीवर रोखला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी.

"वाजला की."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

"मी इथेच उभा आहे," मी म्हणालो.

त्याने बहिणीकडे बघितलं. बहिणीने गल्ल्यातल्या नाण्यांकडे बघितलं. धंद्यातल्या भावंडांचं असं मूकनाट्य असतं, त्याला भुलायचं नसतं. शिकाऊ रिमोट घेऊन आलो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शिकाऊ रिमोट मठ्ठ आहे.

जुना रिमोट नाकासमोर धरून बटण दाबलं की तो शिकतो, शिकला की वाजतो, वाजला की बोट उचलायचं. धरून ठेवलं तर शिकलेलं पुसलं जातं. मी बोट ठेवून वाट बघतो. तो वाजत नाही. मग मला राग येतो आणि मी आणखी जोरात दाबून धरतो. स्पीकरचा आवाज वाढवायचं बटण मी त्याला संध्याकाळभर शिकवलं. शेवटी कोरा तो कोराच. असे विद्यार्थी पुढे परीक्षक होतात.

लेक येऊन समोर उभी राहिली. तिने टीव्ही बंद केला, त्यामुळे पहिलं वाक्य बरंचसं कळलं.

"बाबा, आई विचारत होती तेव्हा तुम्ही खरंच 'बरं' म्हणालात?"

"म्हणालो. या घरात कुणीतरी समजूतदार असायला हवं."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? चार लोकांच्या घरात असंच होतं हे." हे वाक्यही कुठल्याही प्रश्नाला चालतं.

तिचे डोळे भरून आले. परीक्षा जवळ आल्यात वाटतं. आणखी काहीतरी पुटपुटली आणि तिच्या खोलीचं दार आपटलं. दार आपटलेलं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं, भिंतीवरची तसबीर हलली. म्हणजे यंत्रं बिघडलीत, माणसं पुटपुटतायत, आणि माझ्याकडे सगळं ठीक आहे.

माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली दिसली. थंडीचे कपडे उन्हात घालायचे असतील.

रविवार, १७ नोव्हेंबर

मेहुणीचा मोबाइलवर निरोप आला: "भाऊजी, ताईला जाऊ देताय, सगळे पुरुष असं मन मोठं करत नाहीत. मान गए." मेहुणीकडे चार दिवस राहायला जायचं म्हणत असेल बायको. एवढ्यासाठी मोठं मन कशाला? मी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

चार दिवसांसाठी बॅग मात्र फार मोठी आहे. त्यात तिने स्वतःची उशीसुद्धा ठेवलीय.

बुधवार, २० नोव्हेंबर

वरून प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी कड, "शांत आणि संयमी श्रोता" असे शब्द आणि खाली तीन सह्या. घरी आल्यावर टीव्हीवर टेकवून ठेवलं.

बायकोने वाचलं आणि हसायला लागली. भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना बघितलं, म्हणून मीही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की तिचं हसणं थांबलंय आणि पाणी थांबलेलं नाही. तिने फडक्याने तोंड पुसलं आणि आईच्या खोलीत गेली.

आई मला काहीतरी सांगत होती. फार वेळ. मी "बरं" म्हणालो. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. या वयात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

शिकाऊ रिमोट घेऊन दुकानात गेलो. ठरवून गेलो होतो की आज आवाज चढवायचा. बहीण गल्ल्यावर होती. शेजारी एक बाई बल्ब निवडत होत्या, त्यांच्या खांद्यावर एक बाळ. डोक्यावर केस नाहीत, तोंडात मूठ.

"हा वाजत नाही," मी म्हणालो. "पहिला वाजत नव्हता. तुमच्याकडचं काहीच वाजत नाही."

दुकानदाराने रिमोट हातात घेतला, बटण दाबलं. काही नाही. पण बाळाने मूठ तोंडातून काढली आणि मान वळवून रिमोटकडे बघितलं.

त्याने पुन्हा दाबलं. बाळ पुन्हा वळलं.

"द्या इकडे," मी म्हणालो. रिमोट घेतला, काउंटरखाली धरला, कुणाला दिसणार नाही असा, आणि दाबला. बाळ खांद्यावरून ओणवं होऊन काउंटरच्या खाली शोधायला लागलं. मी हात पाठीमागे नेला आणि दाबला. बाळ माझ्या पाठीमागे काय आहे ते बघायला डावीकडे झुकलं. त्याच्या आईने त्याला सावरलं.

दुकानदार मला फसवत नसेल असं मी गृहीत धरलं नव्हतं. त्याची बहीण तर कशातही सामील असू शकते. पण बाळाला काय कमिशन मिळणार होतं?

मी आणखी एकदा दाबला. बाळ हसलं. त्याला हा खेळ वाटत होता.

बहिणीने गल्ला बंद केला आणि काउंटरवरून वाकून, माझ्या तोंडासमोर येऊन, हळू पण ठळक म्हणाली, "दादा, माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. डॉक्टरला दाखवा." तिच्या नजरेत आज बिल नव्हतं.

मी रिमोट काउंटरवर ठेवून घरी आलो. टीव्ही लावला नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

माझे वडील ऐकू येईनासं झाल्यावर सगळ्याला "बरं, बरं" म्हणायचे. शेवटची काही वर्षं ते घरात होते आणि गप्पांत नव्हते. पाहुणे त्यांच्याशी मोठ्याने दोन वाक्यं बोलायचे, मग आमच्याकडे वळायचे. ते प्रसन्न चेहऱ्याने सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसायचे.

सकाळी आईच्या समोर खुर्ची ओढून बसलो. "मला ऐकू येत नाही का गं?"

आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "तेच मी दवंडीवाल्यासारखी ओरडून सांगतेय. तुझे वडील असेच 'बरं' म्हणायचे. तुझं 'बरं' ऐकलं की मला तेच समोर दिसतात."

"हिला सांगू नकोस," मी म्हणालो. "आधी बघू काय आहे ते."

तिने पुढे काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. पण पहिल्यांदाच मी "बरं" म्हणालो नाही. "काय?" म्हणालो. बायकोच्या बाबतीतही एवढा एकच शब्द वापरला असता तर?

दुपारी बॅगेकडे बघत बसलो. नवी शाखा, कुठलंतरी गाव, दोन वर्षं, तीस तारीख. उशी. मन मोठं. मी हे तुकडे मनात सगळ्या क्रमांनी लावून बघितले. दर वेळी एकच चित्र तयार होतं, आणि त्यात मी ताटापुढे बसून "माझी काही हरकत नाही" म्हणतोय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आई बरोबर आली. नको म्हणालो तरी आली.

कानाची डॉक्टरीण तरुण आहे आणि गिऱ्हाइकाचं समाधान करायच्या भानगडीत पडत नाही. तिने उजव्या कानात बघितलं, डाव्यात बघितलं, पुन्हा उजव्यात बघितलं. मग खुर्ची फिरवून माझ्यासमोर आली, म्हणजे मला तिचे ओठ दिसतील.

"काडी घालता का?"

"रोज," मी अभिमानाने म्हणालो. "खोलवर."

"मळ बाहेर येत असतो. तुम्ही तो रोज आत ढकललात. दोन्हीकडे बुचं बसलीत."

कॉलेजपासूनचा नेम.

"म्हणजे एवढंच आहे?" आईने विचारलं असावं, कारण डॉक्टरीण तिच्याकडे वळली आणि मग पुन्हा माझ्याकडे.

"बुचं निघाल्यावर कळेल मागे काय आहे ते. हे थेंब घाला, मळ मऊ होईल. गुरुवारी या. तोपर्यंत आणखी कमी ऐकू येईल, घाबरू नका. आणि त्या काड्या आजच फेकून द्या."

वडिलांना कधी कुणी कान दाखवायला नेलं होतं का, हे आईला विचारावंसं वाटलं. रिक्षात तिचा चेहरा बघून विचारलं नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

थेंबांमुळे कान पाण्याखाली गेलेत. घर चालू आहे आणि त्याला आवाज नाही, कुणीतरी सगळ्यांवर एकदम बटण दाबल्यासारखं. नळाखाली भांडी आहेत, आवाज नाही. लेक फोनवर हसतेय, आवाज नाही. बायको कपाटातून साड्या काढून पलंगावर ठेवतेय. दोन ढीग करतेय, एक मोठा, एक लहान. कुठला ढीग जायचा आणि कुठला राहायचा, ते मला कळत नाही.

विचारायचं तर आहे. पण आत्ता विचारलं तर उत्तर ऐकू येणार नाही, आणि मग मी घाबरून "बरं" म्हणेन. माझा माझ्यावर भरवसा नाही. गुरुवारी. तीस तारखेच्या आत गुरुवार येतो, हे कॅलेंडरवर बोट ठेवून बघितलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टरणीने कोमट पाण्याची पिचकारी मारली. उजव्या कानातून जे निघालं ते तिने स्टीलच्या वाटीत घेतलं आणि मला दाखवलं. त्याचं वर्णन इथे करत नाही, ही रोजनिशी मला पुन्हा वाचायची आहे.

पहिला आवाज ऐकू आला तो कागदाचा. टेबलावर पंख्याखाली एक कागद फडफडत होता. पंख्यालाही आवाज होता, त्याच्यात मध्येच एक टकटक होती. मग डावा कान मोकळा झाला आणि रस्ता आत शिरला. बाहेर कुणाचीतरी चप्पल फरफटत होती. माझ्या शर्टाच्या बाहीला आवाज होता.

मग एका लहानशा खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बोट वर करायचं. मी बोटं वर करत राहिलो. एवढ्या आज्ञाधारकपणे शाळेतही केली नव्हती.

"मागे काही नाही," डॉक्टरीण म्हणाली. "वयाला साजेसं आहे. छान ऐकू येतंय."

आई बाकावर बसली होती. "काय म्हणाली?" तिने विचारलं.

"छान ऐकू येतंय म्हणाली."

"हळू बोल," आई म्हणाली. "ओरडतोस कशाला?" आणि पदराला नाक पुसलं. ते मला ऐकू आलं.

संध्याकाळी बायको आली. चाव्या खुंटीला लावल्याचा आवाज, चप्पल काढल्याचा आवाज, आणि मग, "आज टीव्ही नाही?"

तिचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. थोडा बसका आहे. मी तो विसरलो होतो आणि मनाने एक पातळ आवाज तिला लावून दिला होता.

"त्या रविवारी जेवताना काय सांगत होतीस?" मी विचारलं.

"सांगितलंय की. तू बरं म्हणालास."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"लक्ष नव्हतं म्हण."

"नाही. ऐकू आलं नव्हतं. दोन्ही कानांत बुचं होती. आज काढली. आई होती बरोबर, विचार तिला."

"वाटीभर निघालं," खुर्चीतून आई म्हणाली. ते अतिशयोक्त होतं, पण मी वाद घातला नाही.

बायको पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. "ऐकू आलं नाही तर 'बरं' का म्हणालास?"

"मी सगळ्यालाच म्हणतो."

"नव्या शाखेची प्रमुख म्हणून जा म्हणाले. दोन वर्षं. जायचं का, म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, माझी हरकत नाही. पुन्हा कोडच दाबायला लागलास. मी काय समजायचं? याला मी असले काय आणि नसले काय. उलट टीव्हीचा आवाज मोठा ठेवता येईल."

"नको जाऊस."

"आता सांगतोस."

"आता ऐकलं."

"आणि मला जायचं असेल तर?"

इथे "बरं" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. कॉलेजपासूनचा नेम. "तर भांडू," मी म्हणालो.

मग भांडलो. बरंच जुनं निघालं. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण पहिल्या वेळी बुचं होती. लेक खोलीतून धावत आली, "काय झालं, काय झालं?" आईने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "काही नाही गं. नीट चाललंय सगळं."

शेवटी बायकोने पर्स खाली ठेवली. "मला त्या गावाला जायचंच नव्हतं रे. ऑफिसात म्हणाले, घरी विचारून सांगा. मला वाटलं, घरी कुणीतरी नको म्हणेल आणि मी तेच पुढे सांगेन. घर म्हणालं, बरं. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?"

"अजून कळवलं नाहीस ना?"

"उद्या कळवणार होते." तिने माझ्याकडे बघितलं. "तुझा कान लाल झालाय," ती म्हणाली, आणि बोट लावून बघितलं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

बायकोने दुपारी फोन केला: नाही म्हणून कळवलं. साहेब तिला म्हणाले, घरचे फार अडवतात वाटतं. ती "हो ना" म्हणाली. मला अडवणारा नवरा म्हणून एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

खिडकीवर मात्र कहर झाला. लोक भयंकर बोलतात. दिवसभर मी कुणाकुणाचा कोण आहे ते ऐकत होतो. हसतमुख गृहस्थ आले. तोच प्रसन्न चेहरा. काचेच्या भोकाशी वाकून गोड आवाजात म्हणाले, "या खांबाला नमस्कार. बाहेरच्या खांबाला निदान तारा तरी आहेत. माझ्या घरातली वीज रोज संध्याकाळी जाते, आणि मी दर आठवड्याला येऊन एका ठोंब्याला ते सांगतो, आणि ठोंब्या हसतो."

"रोज संध्याकाळी?" मी विचारलं.

गृहस्थ मागे सरले. त्यांनी वळून बघितलं, हे दुसरं कुणी बोललं का म्हणून.

लाइनमनला बोलावलं, त्यांना त्याच्याबरोबर धाडलं. जाताना म्हणाले, "माफ करा, मला वाटलं तुम्हाला..." आणि वाक्य अर्धं सोडलं. ते मुद्दाम अर्धं सोडलेलं होतं. आता फरक कळतो.

मॅडमने दारातून डोकावून विचारलं, "आज तुमच्या खिडकीवर आवाज का येतोय?" प्रमाणपत्र परत मागतात की काय कोण जाणे. देऊन टाकीन.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दुकानात जाऊन पहिलाच, साधा रिमोट परत घेतला. दुकानदाराने काउंटरवर ठेवून दाबला. दोनदा वाजला. इतका कर्कश आवाज एवढ्याशा वस्तूतून निघतो यावर माझा विश्वास बसेना.

"वाजतोय," मी म्हणालो.

"वाजतोच तो," बहीण म्हणाली आणि पैसे मोजून घेतले. बिलाची नजर परत आली होती. बरं वाटलं.

घरी टीव्हीकडे रोखून धरला. वाजला, ओके दाबलं, झालं. बॉक्स झाला. स्पीकर झाला. म्युझिक सिस्टीम झाली. बंद पडलेल्या डिस्क प्लेयरचाही कोड भरला, त्याला एकट्याला वगळणं बरं दिसलं नसतं.

"हेच," आई कानांवर हात ठेवून म्हणाली. "त्या दिवशी तू सकाळभर हेच वाजवत होतास. माझं डोकं उठलं होतं."

जुने पाच रिमोट खणात गेले. नवा मी टेबलावर ठेवला. चहा घेऊन परत येतो तर त्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड.

मोठी बॅग माळ्यावर गेली. उशी आमच्या खोलीत आली.

या रिमोटवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की घरातलं सगळं एकदम मुकं होतं. एवढ्या एका बटणासाठी त्याचे पैसे वसूल आहेत. संध्याकाळी त्याचा उपयोग झाला. बातम्या लावल्या होत्या, आवाज अगदी बेताचा, आणि बातम्या देणारा स्पष्ट, खणखणीत बोलत होता. त्याच्या आवाजाखालून स्वयंपाकघरातून आणखी एक आवाज यायला लागला. बसका, हळू, स्वतःशीच चाललेला. ती वर्षभर असं बोलत असणार. कुणी ऐकत नाही अशा खात्रीने.

"...नुकताच पुसलेला ओटा, त्याच्यावर पुन्हा ओला कप. कान धुवून आणले नुसते, डोकं तसंच. आणि प्रमाणपत्र काय मिळतं याला, शांत आणि संयमी..."

मी लाल बटण दाबलं. पुढचं सगळं ऐकायचं होतं.